ओठावरचा जर

तापानंतर ओठावर बारीक फोडांचा झुपका उठला की आमच्याकडे म्हणतात, जर मुतला. शब्द चारचौघांत बोलण्यासारखा नाही, पण माझ्या वयाला सभ्यतेची सक्ती नसते. शिवाय माझा सगळा आजार या एका क्रियापदाभोवती फिरला, त्याला मी काय करू? जर मुतला म्हणजे ताप अंगातून बाहेर पडला आणि जाता जाता ओठावर खूण करून गेला. माझ्या माहेरी, आमोण्याला, जर मुतलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घालत आणि त्याच्या ताटात पुन्हा मासळी येई. म्हणजे ते दुखणं नव्हेच, दुखणं संपल्याची दवंडी.

ही समजूत मी साठी उलटेपर्यंत जपली. तिच्यापायी आमच्या यांच्या मूत्रपिंडाची काय दशा केली, ते सांगायला बसले आहे. ज्यांच्या पोटात दुसऱ्याचं मूत्रपिंड आहे, किंवा ज्यांच्या घरात असं कोणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तर माझी हरकत नाही. हसायला मिळेल थोडं, माझ्यावरच.

मुलगी लाजाळू आहे

पेडण्याकडच्या चोपड्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा नुकताच ताप येऊन गेला होता आणि खालच्या ओठावर जर असा उठला होता की आरसा बघवत नव्हता. मी त्या काळात स्वतःला आमोण्याची महाराणी समजत असे. केस गुडघ्यापर्यंत नव्हते, पण असल्यासारखी चालायची. अशा महाराणीच्या ओठावर खपली! मी पदर तोंडावर ओढून बसले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मानेनेच उत्तर दिलं. सासूबाई निघताना आईला म्हणाल्या, मुलगी फार लाजाळू आहे हो, आजकाल अशा मिळत नाहीत. खरं काय ते त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

खूप वर्षांनी माझ्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं की या जराचा एक विषाणू असतो. बहुधा लहानपणीच, कोणाच्या तरी पाप्यातून किंवा उष्ट्या पेल्यातून तो अंगात शिरतो आणि जन्मभर जात नाही. चेहऱ्याच्या नसांच्या मुळाशी निजून राहतो, अंग थकलं की उठतो. म्हणजे माप ओलांडून मी चोपड्याच्या घरात आले, तेव्हा माझ्याबरोबर एक वऱ्हाडी आला होता. तो मुक्कामाला राहिला आणि मला पत्ता नव्हता. ताप गेल्याची खूण म्हणून मी त्याला चांगलं म्हणत राहिले.

इंजीन

आमचे हे फेरीबोटीवर इंजीन सांभाळायचे. केरीहून तेरेखोल, तेरेखोलहून केरी, असा त्यांचा जन्म गेला. माणसापेक्षा इंजिनाचं बोलणं त्यांना लवकर कळतं.

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दिवस डायलिसिसच्या खाटेवर नाहीतर त्या खाटेच्या वाटेवर जाऊ लागले. तेव्हा मुलगा म्हणाला, मी देतो. यांनी त्याला गप्प केलं, तुला अजून संसार ओढायचा आहे म्हणाले, आणि डॉक्टरांसमोर स्वतः जाऊन बसले. लग्नाच्या वेळी आमची पत्रिका जेमतेम जुळली होती, भटजींनी नाक मुरडलं होतं. रक्त मात्र जुळलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला न मागता दिलेली ही पहिलीच वस्तू. साडीसुद्धा मी दोनदा सांगितल्याशिवाय आली नव्हती.

ऑपरेशननंतर आमच्या घरात एक नवा रिवाज पडला. सकाळी मी मोरीतून बाहेर आले की जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, चहा पीत बसलेले हे विचारायचे, “जाला?”

मी म्हणायची, “जाला.”

“इंजीन पाणी सोडता मा गो?”

“तुमच्यापेक्षा बरं सोडतं.”

यावर सून हसायची, नात लाजायची, आणि मी मनातून फुलायची. या वयात नवरा रोज सकाळी आपली एवढी चौकशी करतो म्हणजे काय!

परकं मूत्रपिंड अंगाने हाकलून लावू नये म्हणून अंगाच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पहारेकरी गुंगीत असले की चोरांचं फावतं. हे मला सांगितलं होतं. ओठावर, तोंडात, कुठेही फोड आला तर लगेच फोन करा, हेही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

उरलेल्या गोळ्या

पहिल्यांदा ओठावर जर उठला तेव्हा मी फोन केला. डॉक्टरबाईंनी असायक्लोव्हिरच्या गोळ्या दिल्या आणि सगळ्या संपवायला सांगितल्या. थोड्या दिवसांत खपली धरली. मला वाटलं, जर मुतला म्हणजे दुखणं मुळात निघालेलंच आहे, मग जाणाऱ्याच्या मागे गोळ्या कशाला पळवायच्या? आधीच माझं पोट म्हणजे औषधांचं दुकान झालेलं. उरलेल्या गोळ्या मी कोकमाच्या बरणीमागे ठेवून दिल्या.

पुढच्या खेपेला फोन केला नाही. बरणीमागून गोळ्या काढल्या, जळजळ थांबेपर्यंत घेतल्या आणि बंद केल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. संपल्या तेव्हा बाजारातून तसल्याच आणवल्या. यांना बोलले नाही, कारण हे एकेका गोळीची इंजिनाच्या तेलासारखी चौकशी करतात. लहानपणी आमोण्यात मी चिंचा लपवून खायची, तीच खोड. महाराणी म्हातारी झाली तरी शहाणी झाली नव्हती.

मग शिगम्याच्या सुमारास ताप आला आणि ओठ भरून जर उठला. मी सुनेला, सुगंधाला, अगदी आनंदाने सांगितलं, जर मुतला गो, ताप गेला, आज बांगडा कर. तिने केला. तो बांगडा मला खाता आला नाही.

तोंडात निखारा

या खेपेला खपली धरलीच नाही. फोड फुटून एकमेकांत मिसळले, हनुवटीवर उतरले, आत जिभेवर आणि घशात गेले. पदेराचा उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून मऊ केला तरी काचेसारखा टोचायचा. शेवटी पेजेचं नुसतं पाणी, तेही गार, कुलेरीने, चमचा चमचा. स्वतःची थुंकी गिळायची म्हणजे आधी मन घट्ट करावं लागे.

इश्पितळात दाखल केलं. असायक्लोव्हिर आता शिरेतून सुरू झालं. मी वाट बघत होते की आज उतरेल, उद्या उतरेल. डॉक्टरबाई सकाळी बॅटरीने तोंडात बघायच्या आणि काही न बोलता बॅटरी बंद करायच्या. ते न बोलणं मला फोडांपेक्षा जास्त लागायचं. मग त्यांनी फोडांवरून कापूस फिरवून तो बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला.

याच दिवसांत घरात एक वेगळीच गंमत झाली. केसपेपरवरचा ‘हर्पीस’ हा शब्द मुलाने फोनवर शोधला, तिथे गुप्तरोग असं आलं आणि त्याचे कान लाल झाले. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईनेही तो कुठूनसा ऐकला. तेव्हापासून ती माझ्याकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघू लागली. हे मला हळूच विचारतात, ही बाई माझ्याकडे अशी कित्याक बघता? मला हसायचं होतं, पण ओठ फाटले असते. डॉक्टरबाईंनी मग सगळ्यांसमोर सांगितलं की हा ओठावरचा, लहानपणीचा, घरोघरी असतो तो विषाणू आहे. हे वाचणाऱ्या तुम्हालाही कोणी त्या शब्दावरून तिरकं बघितलं तर मान खाली घालू नका. मान खाली घालण्याजोगं मी जे केलं ते वेगळंच होतं.

कोडगा

प्रयोगशाळेचं उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं.

त्या म्हणाल्या, “आजी, हा विषाणू या औषधाला दाद देत नाही. औषध पोचतं, पण त्याला काही होत नाही.”

मला तो लगेच कळला. ज्या पोरावर आया उगाच अर्धवट ओरडतात आणि मध्येच सोडून देतात, ते पोर पुढे कशालाच भीत नाही. त्याला आपण कोडगं म्हणतो. माझा जर कोडगा झाला होता.

मग त्यांनी विचारलं, याआधी कितीदा उठलं होतं, गोळ्या कशा घेतल्या होत्या. हे खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मी यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं, कोकमाच्या बरणीसकट. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्यासारख्या दबलेल्या अंगात हे नीट गोळ्या घेऊनही होऊ शकतं, तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण अर्ध्या गोळ्यांनी मदत नक्कीच झाली नाही. त्या बोलण्याचा पहिला भाग माझ्या समाधानासाठी होता, कळत होतं. मी ‘पण’नंतरचा उचलला.

हे उठले आणि बाहेर गेले. चहाला गेले असतील वाटलं. परत आले ते जनेलाकडे तोंड करून बसले आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नर्सला मात्र विचारलं, हिला लघवी झाली का? मला नाही विचारलं.

मी पडल्या पडल्या एकच करत होते. जर फोन केला असता तर. जर गोळ्या संपवल्या असत्या तर. आपल्या भाषेत दोन्हींना शब्द एकच आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. ओठावरचा जर कधीतरी खपली धरतो. हा दुसरा अजून ओला आहे.

बोट आणि इंजीन

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. फॉस्कार्नेट नावाचं दुसरं औषध आहे, कोडग्याला ते वठणीवर आणू शकतं. पण ते मूत्रपिंडाला जाचतं. त्याच वेळी पहारेकऱ्यांना गुंगी देणाऱ्या गोळ्याही कमी कराव्या लागतील. पहारेकरी जागे झाले तर विषाणूला पकडतील, पण त्याच झोकात परक्या मूत्रपिंडावरही धावून जातील. दोन्हीकडून धोका होता यांच्याच देण्याला.

मी म्हटलं, मला ते औषध नको. तोंड असंच राहू दे. या वयात मला कोणाला तोंड दाखवायचं आहे?

डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रश्न नुसत्या तोंडाचा नाही. घशाखाली उतरलंय, तुमचं खाणं बंद झालंय, आणखी आत गेलं तर जिवावर बेतेल.

मी तरी नाहीच म्हटलं. यांचं मूत्रपिंड मी माझ्या मूर्खपणापायी जाळणार नाही, यांनी पोट फाडून दिलंय, असं काहीबाही बोलत सुटले. सुजलेल्या जिभेने त्यातलं अर्धं कोणाला कळलं नसेल. यांना कळलं. जनेलापासून उठून खाटेजवळ आले.

“इंजीन वाचवूक बोट बुडयतत काय गो?”

मी तोंड भिंतीकडे वळवलं.

“औषध घे. मी रागावलंय तुझ्यार. पण तां घराक गेल्यार बघूया.”

मुलगा खाली बघत होता. डॉक्टरबाई कागद चाळू लागल्या. मी मान डोलावली, आणि या खेपेला खरोखर डोलावली.

पाण्याचा हिशेब

ते औषध सहज मिळत नव्हतं. मुलाने फोन करकरून बाहेरगावाहून मागवलं. येईपर्यंतचे दिवस मी पेजेच्या पाण्यावर काढले.

औषध सुरू झालं आणि माझा सगळा दिवस मुताभोवती फिरू लागला. आधी शिरेतून पाण्याची बाटली, मग औषध, मग परत पाणी. इंजीन तापू नये म्हणून. आलेली प्रत्येक लघवी भांड्यात मोजायची. शिवाय ते औषध लघवीतून बाहेर पडताना कातडी भाजतं, म्हणून दर वेळी नीट धुवायचं. नर्स हे मला कानात कुजबुजून सांगायची. मी म्हटलं, पोरी, मोठ्याने सांग, या वॉर्डात सगळे त्याच कामासाठी आलेत. मळमळ व्हायची. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायच्या, तेव्हा धावत येऊन रक्त तपासायचे. मुंग्या आल्या तर लाजू नका, लगेच सांगा. मी आता सांगायला शिकले होते, उशिरा का होईना.

रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येई. त्यातला एक आकडा मूत्रपिंडाचा. तो चढला की मूत्रपिंड थकलं समजायचं, आणि तो वर चढत होता. हे तो आकडा मुलाकडून वाचून घ्यायचे, ऐकायचे आणि माझे पाय दाबत बसायचे. बोलणं कामापुरतं. मला वाटे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या पोटावर वण आहे, तो मी खाटेवरून सदऱ्यातूनही बघू शकत होते.

नात फोनवर दिसायची. आजी, तोंड दाखव म्हणायची. मी पदर ओढून घ्यायची. ती आईला म्हणाली, आजी लाजते. आमोण्याची लाजाळू मुलगी इतक्या वर्षांनी पुन्हा हजर झाली, आणि याही खेपेला पदराखाली तोच वऱ्हाडी होता.

त्या दिवसांतही थोडी माया भेटली. सुगंधा पेज गाळून, गार करून, डबा कपड्यात गुंडाळून पेडण्याहून बसने यायची. जर मुतला म्हणून तिच्याकडून बांगडा करून घेतला होता, त्याबद्दल तिने मला एकदाही टोमणा मारला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने स्वतःचा छोटा आरसा दिला आणि दोन दिवसांनी परत मागून घेतला, सारखं बघत बसू नका म्हणाली. मग एका सकाळी मी थुंकी गिळली आणि गिळल्याचं मला कळलंच नाही. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारली आणि या खेपेला बोलल्या, खपली धरतेय.

आकड्याचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

घराक गेल्यार

घरी आले. पहारेकऱ्यांच्या गोळ्या हळूहळू पूर्वपदावर आल्या. मी यांच्या रागाची वाट बघत राहिले. हे माड शिंपायचे, पेपर वाचायचे, गोळ्यांचा डबा आता स्वतः भरायचे. सकाळचा प्रश्न मात्र पुन्हा सुरू झाला. जाला? जाला. मी म्हटलं, चला, निवळले.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी आकडा सांगितला. उतरला होता, पण पहिल्या जागी नाही. मूत्रपिंड काम करतंय, सांभाळलं तर करत राहील, पण थोडी झीज झाली ती झाली. जर पुन्हा उठेल का, उठला तर कोडगाच असेल का, ते आज सांगता येत नाही. काही दिसलं की फोन. बरणीमागे काही ठेवायचं नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

परतताना यांनी मुलाला गाडी केरीला घ्यायला लावली. फेरीत चढलो. हे कठड्याला टेकले, पण पाण्याकडे बघेनात. खालून येणारा इंजिनाचा आवाज ऐकत होते. पलीकडे तेरेखोलचा किल्ला जवळ येत होता.

“झिजला,” ते म्हणाले. “तरी पलतडी पावता.”

झिजूनही पैलतीरी पोचतं ते बोटीचं इंजीन की माझं, मी विचारलं नाही. मी म्हटलं, “घरी जाऊन रागावणार होता तुम्ही. राहिलंय ते.”

“रोज रागावतंय मा.”

“कधी?”

“सकाळी. जाला म्हणान इचारतंय, तां काय पिरमान इचारतंय वाटला तुका?”

इतके दिवस मी ते प्रेमच समजत होते. मला हसू फुटलं. मग ते मध्येच थांबलं. ओठ आता दुखत नव्हता, तरी थांबलं. मी कठड्यावरच्या त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. त्यांनी स्वतःचा काढून घेतला नाही आणि माझा धरलाही नाही. फेरी धक्क्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीतून बाहेर आले. जनेलाकडून आवाज आला, “जाला?”

एरवी मी आतल्या खोलीतूनच उत्तर फेकते. त्या दिवशी जनेलापाशी गेले. खालच्या ओठावर पांढरा डाग राहिला आहे, तो झाकायला पदर वर आला होता. तो सोडला आणि यांच्यासमोर उभी राहिले.

म्हटलं, “जाला.”

यांनी ओठाकडे बघितलं, मग चहा प्यायले.